दोरवाल्यांच्या गल्लीची उंची

माझ्या मावशीने एकतीस वर्षं नगरपालिकेच्या मोजणी खात्यात नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकच काम केलं. ती सरळ उभी राहिली.

तिथे ती पट्टी धरायची. चार मीटर उंच लाकडी पट्टी, तिच्यावर लाल-काळे आकडे. पन्नास पावलांवर तिपाईवर दुर्बीण लावून साहेब उभे असत. दुर्बिणीतून जो आकडा दिसेल त्यावरून ती जागा किती उंच, किती सखल ते ठरायचं. मावशीने फक्त पट्टी ओळंब्यात धरायची आणि हलायचं नाही. वारा असो, ऊन असो, कुत्रं पायाशी हुंगत असो. "मला उभं राहायचा पगार मिळतो," असं ती स्वतःच सांगायची आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसायची.

ती उंच होती, पुरुषांत उठून दिसेल इतकी. आजोबा म्हणायचे, "हिला नवरा बघायचा तर आधी स्टूल बघावं लागेल." चेष्टा करता करता लग्नाचं वय निघून गेलं. मग ती माझ्या आईकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे राहायला आली. आमच्या घराची माडीवरची खोली तिची. गल्लीत तिला शिडी म्हणत आणि ऑफिसात पट्टीबाई. दोन्ही नावांना ती ओ द्यायची.

तिचे साहेब बुटके होते. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, पण दुर्बिणीला लावायचा डोळा लख्ख. ते आकडा ओरडून वाचायचे, मावशी तो ओरडून परत म्हणायची, आणि मगच ते वहीत लिहायचे. चूक राहू नये म्हणून ही पद्धत. शहरात खुणेचे तेवीस दगड होते. पहिली खूण म्हणजे दीपस्तंभाखालच्या खडकात ठोकलेला पितळी खिळा. खडक हलत नाही असं धरायचं, आणि बाकीच्या बावीस जागा त्या खिळ्यापेक्षा किती खाली-वर ते दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला मोजायचं. आठ-दहा वर्षांत एखादा आकडा मिलिमीटरभर सरकायचा. साहेब म्हणायचे, "पट्टीबाई, जगात सगळ्यात कंटाळवाणी नोकरी आपली, आणि ती तशीच राहो."

आमचं शहर लहान. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खडकाळ चढ, आणि मधल्या अरुंद पट्टीत बंदर, होड्या दुरुस्त करायचं आवार, बर्फाचा कारखाना आणि माणसं. आमची गल्ली दोरवाल्यांची. एकोणीस घरं, टोकाला दोरांचं जुनं गोदाम. गल्लीचं तोंड दीपस्तंभाच्या खडकाला टेकलेलं आणि शेपूट मऊ जमिनीत गेलेलं. दोर वळणारं आता एकच घर उरलं होतं. माझे बाबा होड्यांसाठी ताडपत्र्या शिवायचे.

नगराध्यक्षांनी जेव्हा पहिल्यांदा उंच इमारतींची गोष्ट काढली तेव्हा त्यांचं एक वाक्य गावभर झालं. "आपलं शहर शंभर वर्षं आडवं पडलंय. आता त्याला उभं करू या." चोवीस मजल्यांचे तीन टॉवर. पहिला आमच्या गल्लीच्या मागे, जुन्या लाकडाच्या वखारीच्या जागेवर.

आज सगळेच म्हणतात की आम्हाला पहिल्यापासून शंका होती. खोटं आहे ते. माझे बाबा टॉवरच्या बाजूने होते. "शाळा संपली की पोरं बसमध्ये बसतात ती लग्नाला नाहीतर मयताला परत येतात," ते म्हणायचे. "इथे घर नाही, काम नाही. जमीन वाढत नसेल तर वरच जावं लागणार ना?" मी तर बाजूने होतेच. मला टॉवरच्या विक्री ऑफिसात नोकरी लागली होती. काचेच्या पेटीत टॉवरची प्रतिकृती होती, तिच्या खिडक्यांत बारीक दिवे होते, आणि मी लोकांना सांगायचे, "अठराव्या मजल्याच्या वर गेलात की दोन्ही भूशिरं दिसतात." सांगताना मलाच हुरूप यायचा. आयुष्यभर दीपस्तंभाशिवाय उंच काही पाहिलं नव्हतं मी.

मावशीने एकदाच विचारलं, "तळघर किती खोल?"

"दोन मजले. गाड्या ठेवायला."

"समुद्रापासून दीडशे पावलांवर?" ती म्हणाली आणि जेवायला लागली.

खड्डा खणायला सुरुवात झाली तसं त्यात पाणी भरू लागलं. ते उपसायला सहा पंप बसवले. ते दिवसरात्र चालायचे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या आवाजाने कुणाला झोप लागेना, दुसऱ्या आठवड्यात आवाज ऐकूच येईना. मग एके दिवशी शेजारची दोरवाली काकू रिकामी बादली घेऊन आमच्या दारात आली. गल्लीच्या विहिरीचा दोर पुरत नव्हता. दोर वळणाऱ्याच्या घरात दोर कमी पडला म्हणून आम्ही हसलो. तिने लांब दोर बांधला. महिन्याभराने पाणी हाती आलं ते मचूळ होतं, आणखी पंधरा दिवसांनी तोंडात धरवेना इतकं खारट.

त्याच सुमारास आमचं मागचं दार घासायला लागलं. बाबांनी रंधा मारला. तीन आठवड्यांनी पुन्हा घासलं, पुन्हा रंधा. आई म्हणाली, "असंच चाललं तर दाराची फळी उरणार नाही."

"लाकूड फुगलंय," बाबा म्हणाले.

मावशी चौकटीकडे बघत होती. "लाकूड नाही फुगलं. चौकट तिरकी झालीय."

थंडी सुरू झाली आणि वर्षाची मोजणी आली. चौदावी खूण आमच्या गोदामाच्या पायरीवर होती. त्या दिवशी मी ऑफिसला जाताना त्यांना पाहिलं. मावशी पट्टी धरून उभी, साहेब दुर्बिणीवर वाकलेले. त्यांनी आकडा वाचला नाही. डोळा काढला, भिंग पुसलं, परत लावला.

"पट्टीबाई, पट्टी सरळ आहे?"

"सरळ आहे."

"पायरीवरच आहे ना? खाली दगड-बिगड?"

"साहेब, मी एकतीस वर्षं उभी आहे. मी सरळच आहे. जमिनीला विचारा."

पायरी चौदा मिलिमीटर खाली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्यापासून सगळी मोजणी पुन्हा केली. चौदाच. साहेबांनी मग तिथेच पायरीवर बसून तिला समजावून सांगितलं. खाली मऊ चिकणमाती आहे, तिच्या अंगातलं पाणीच तिला उचलून धरतं. पाणी काढून घेतलं की ती दबत जाते. खडक समुद्राच्या बाजूला वर आहे आणि गल्लीच्या शेपटाकडे खोल खोल उतरत जातो. "म्हणजे सगळं एकसारखं बसणार नाही," ते म्हणाले. "एक बाजू बसेल, दुसरी नाही. एकसारखं बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं."

ते वही घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. तासाभराने खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. अहवालात त्या आकड्यापुढे "मोजणीतील संभाव्य चूक" असं लिहायचं ठरलं होतं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्या संध्याकाळी मावशी घरी आईला म्हणाली, "एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही असं आज पहिल्यांदा झालं."

साहेब गेल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मोजणीचं काम टॉवरवाल्या कंपनीच्याच तज्ज्ञांकडे दिलं गेलं आणि मावशीची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथे ती धूळ झटकत बसे. पण रविवारी सकाळी ती एका गवंड्याकडून लेव्हलची नळी घेऊन आली. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, पाण्याने भरलेली. एक टोक एका जागी धरायचं, दुसरं दुसऱ्या जागी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं. एवढं साधं.

"धर," ती बाबांना म्हणाली.

"मी का?"

"ताडपत्री शिवताना हात हलत नाहीत म्हणून."

बाबा कुरकुरत का होईना, धरायचे. खडकापासून आमच्या जोत्यापर्यंत दोन टप्प्यांत, तिथून गोदामापर्यंत आणखी तीन टप्प्यांत. ती प्रत्येक जोत्यावर तेलरंगाने बारीक रेघ मारायची आणि वहीत तारीख घालून आकडा लिहायची. गल्लीतली माणसं दारात उभी राहून गंमत बघायची. "शिडी, आमचं घर किती उतरलं?" कुणीतरी विचारायचं. "नऊ," ती सांगायची. "अगं, मग वर चढव की!" आणि हशा. चौदा महिन्यांत आमचं जोतं सत्तेचाळीस मिलिमीटर खाली गेलं होतं, गोदाम एक्याण्णव. तोपर्यंत हसणं कमी झालं होतं.

पहिला टॉवर उभा राहिला तो दिसायला देखणा होता, हे मी नाकारत नाही. दुपारनंतर त्याची सावली आमच्या गल्लीवर पडायची. शेजारी दुसऱ्या टॉवरचा खड्डा खणायला घेतला होता, आणि नियमाप्रमाणे त्यासाठी जनसुनावणी ठेवली होती.

सभागृह खच्चून भरलं होतं. मी कंपनीच्या बाजूला, दारापाशी पत्रकं वाटत उभी. कंपनीच्या तज्ज्ञाने पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले आणि दर नकाशाला "मर्यादेत आहे" असं म्हटलं. मग मावशी उठली. ती उठली की आपोआपच सगळ्यांचं लक्ष जायचं. तिने एकोणीस घरांचे आकडे सांगितले, कागदात न बघता, तारखांसकट.

नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, आपलं शिक्षण?"

"सातवी."

"आणि हे मोजलंत कशाने?"

"पाण्याच्या नळीने."

सभागृहात हसू उमटलं. फार मोठं नव्हतं, मागच्या रांगांतून पसरत पुढे आलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पत्रकांचा गठ्ठा सारखा करत राहिले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. तेव्हा पटलंही.

"आपण हे लेखी द्या," नगराध्यक्ष म्हणाले. "सही करून. आम्ही प्रत्येक नागरिकाच्या सूचनेची दखल घेतो."

तिने दिलं. रात्री जागून नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ताजं असताना, सुबक अक्षरात, एकोणीस घरांची एकोणीस पानं. खाली सही. पोच घेऊन आली तेव्हा खुशीत होती.

दखल चार महिन्यांनी घेतली गेली. एका सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दारावर नोटीस चिकटलेली होती. जमीन खचत असल्याने सदर घरे राहण्यास धोकादायक, पंधरा दिवसांत रिकामी करावीत. रहिवाशांचं पुनर्वसन पहिल्या टॉवरच्या खालच्या बारा मजल्यांवर. रिकाम्या जागेचा विनियोग तिसऱ्या टॉवरसाठी. सोबत पुरावा म्हणून एकोणीस पानांची प्रत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्या मावशीची सही.

दोरवाली काकू ते पान हातात घेऊन आमच्या ओट्यावर आली. "शिडी, तू लिहून दिलंस? आमच्या घराचं तू लिहून दिलंस?"

मावशी उभीच होती. "हो."

"आम्ही तुला घरचं समजलो गं."

"खड्डा थांबावा म्हणून दिलं होतं."

"खड्डा कुठे थांबला? आम्हीच थांबलो." काकूने पान ओट्यावर ठेवलं, भिरकावलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून गल्लीत कुणी मावशीला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. आई घरात म्हणाली, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." बाबांनी ताडपत्रीतून मान वर केली नाही. तेच तिला जास्त लागलं असावं.

आमच्या गल्लीतल्या एका वकिलाने कोर्टात जायचं ठरवलं. नोटिशीला स्थगिती मिळेल अशी त्याची खात्री होती, फक्त मावशीने एक कागद द्यायचा होता. नळीची मोजणी अंदाजाने केली होती, आकडे चुकीचे असू शकतात, एवढंच. सगळी गल्ली आमच्या खोलीत जमली होती. मी कोपऱ्यात उभी होते. मनातून मलाही वाटत होतं, देऊन टाक. घर राहील, माणसं राहतील.

मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आकडे खरे आहेत."

"खरे असू देत," वकील म्हणाला. "तुम्हाला कुठे शपथेवर—"

"आकडे खरे आहेत म्हणजे गोदाम पडणार आहे. मागची सात घरं त्याच्याबरोबर जाणार आहेत. जागा कुणाच्या घशात जाते ते मलाही दिसतं. पण मी जर चुकीचं म्हटलं आणि तुम्ही इथे राहिलात, तर?"

"तर आमचं आम्ही बघू!" कुणीतरी ओरडलं.

"तुमचं तुम्ही नाही बघणार. मी बघणार. मला माहीत होतं म्हणून."

माणसं उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून मावशीने जे केलं ते करायला काय लागतं मला माहीत नाही. ज्या नोटिशीने तिची नाचक्की केली, तीच नोटीस पाळा म्हणून ती दारोदार फिरली. लोकांनी तोंडावर दारं लावली. ती दारं नीट लागत नव्हती, चौकटी तिरक्या झाल्या होत्या, फटीतून बोलता यायचं. ती फटीतून बोलायची. "मागच्या खोलीत झोपू नका. सामान आधी हलवा. भांडा माझ्याशी, पण बाहेर येऊन भांडा." हळूहळू टेंपो लागायला लागले. आम्हीही निघालो.

शेवटी म्हातारा दोरवाला उरला, काकूचा सासरा. गोदामाला चिकटून त्याचं घर. सुनेने, मुलाने हात टेकले. मावशी गेली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"तुम्ही उठलात की."

"मी इथेच मरणार."

"मग मीही बसते. मला घाई नाही, मला उभं राहायची सवय, बसणं म्हणजे चैनच."

दिवसभर दोघं बसून होते. त्याने तिला शिव्या दिल्या, तिच्या आजोबांना दिल्या. मग भिंतीतून एक आवाज आला. काकू नंतर सांगायची, वाळलेली काटकी मोडावी तसा. म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं. मावशीने पाहिलं नाही, ती त्याच्याकडेच बघत होती. तो उठला, भिंतीवरची दोर वळायची लाकडी फिरकी काढून काखेत मारली आणि बाहेर पडला. तिच्याशी तो त्यानंतर कधीही बोलला नाही.

तेवीस दिवसांनी, भर दुपारी, मोठ्या भरतीच्या वेळी दुसऱ्या टॉवरच्या खड्ड्याची भिंत सुटली. मी विक्री ऑफिसात होते. काचेच्या पेटीतले दिवे गेले, एवढंच आधी कळलं. बाहेर आले तेव्हा गोदाम नव्हतं. त्याच्या जागी आकाश होतं आणि खाली तपकिरी पाणी, त्यात दारं तरंगत होती. गोदाम आणि मागची आठ घरं. तिचा अंदाज एका घराने चुकला होता. माणूस एकही गेला नाही.

नगराध्यक्षांनी संध्याकाळी सांगितलं की प्रशासनाने वेळेत घेतलेल्या निर्णयामुळे मोठी जीवितहानी टळली. टाळ्या वाजल्या. महिनाभर काम बंद राहिलं, मग खड्डा भक्कम करून परत सुरू झालं.

आम्हाला पहिल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर जागा मिळाली. मावशी आली नाही. त्याच सुमारास निवृत्त होऊन तिने दीपस्तंभाच्या खडकावर, एका शिंप्याच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. बाबांना मात्र अकरावा मजला आवडला. खिडकीत खुर्ची टाकून ते ताडपत्री शिवत बसायचे आणि कुठली होडी आत आली ते आईला सांगायचे. आई सुखावली होती. नळाला गोडं पाणी होतं.

मग न्हाणीघरात पाणी साचायला लागलं. जाळी एका कोपऱ्यात, पाणी समोरच्या कोपऱ्यात. प्लंबर आला, त्याने उतार नव्याने करून दिला. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा तिकडेच. तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या, म्हणून मला दिसू लागलं की सगळ्या मजल्यांवर पाणी एकाच बाजूला जातंय. गल्लीच्या बाजूला. लिफ्टची देखभाल करणारा मिस्त्री एकदा माझ्याकडे आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, रूळ मी तीनदा सरळ केले. रूळ सरळ आहेत. मी पुढच्या वेळी सही करणार नाही." पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री आला.

मी मावशीकडे गेले. तिच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मटार सोलत.

"एकदा येऊन मोज ना," मी म्हटलं.

"आकडा कळला की काय करशील?"

मीही एक शेंग सोलायला घेतली.

"आधी ते ठरव," ती म्हणाली. "मी न ठरवता मोजलं होतं. मला वाटलं, आकडा दिला की झालं. पुढचं ज्याचं तो बघेल. तो बघत नाही गं. आकडा परत आपल्याच दारात येऊन बसतो."

मी तीन दिवसांनी परत गेले आणि सांगितलं की कितीही आला तरी लपवणार नाही. ती उठली, चपला घातल्या.

टॉवरच्या खालच्या मजल्यावर प्रत्येक खांबाला बांधताना मारलेली लाल रेघ अजून होती. फरशीपासून बरोबर एक मीटरवर, सगळ्या खांबांना एकाच पातळीत, मिस्त्री लोकांची खूण. गाड्यांच्या मधून आम्ही नळी ओढली. समुद्राकडच्या खांबाला मी टोक धरलं, गल्लीकडच्या खांबाला तिने. पहारेकऱ्याने विचारलं काय चाललंय, तेव्हा ती म्हणाली, "पाणी बघतोय," आणि ते खरंच होतं.

गल्लीकडची रेघ साठ मिलिमीटर खाली होती. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं, एकाहत्तर.

मी ते कंपनीला लेखी कळवलं, नगरपालिकेला कळवलं. आठवड्यात माझी नोकरी गेली. नगरपालिकेकडून उत्तर आलं की तज्ज्ञांची समिती नेमली आहे. समिती अजून आहे. आई लगेच निघाली. बाबा अडून बसले, म्हणाले, या वयात किती घरं सोडू. मी चिडले, रडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मावशी वर आली, पहिल्यांदाच आणि एकदाच. खिडकीपाशी जाऊन तिने समुद्र पाहिला, बाबांच्या होड्या पाहिल्या.

"छान दिसतं," ती म्हणाली.

"मग?" बाबा म्हणाले.

"मग काही नाही. छान दिसतं. चला."

बाबांनी सुई ताडपत्रीत खोचली आणि उठले. का उठले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता आम्ही चौघं खडकावरच्या दोन खोल्यांत राहतो. टॉवरमधली तीसेक कुटुंबं बाहेर पडली, नव्वदच्या वर अजून आत आहेत. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली ती जाणार कुठे? त्यांच्या जागा विकत कोण घेणार, आणि दुसऱ्याला विकणं तरी बरोबर कसं? गेल्या महिन्यात तिसऱ्या टॉवरचे खांब ठोकायला सुरुवात झाली, आमच्या गल्लीच्या जागी. प्रत्येक ठोक्याला इथे खडकावर पेल्यातलं पाणी हलतं.

मी एकूण सदतीस फ्लॅट विकले होते. गेले दोन आठवडे दुपारी फोन घेऊन बसते. आकडा सांगते, कसा मोजला ते सांगते, आणि तो फ्लॅट तुम्हाला मी विकला हेही सांगते. मावशी शेजारी बसते. माझा आवाज चढला की गुडघ्यावर हात ठेवते. काही जण फोन ठेवतात. काही जण विचारतात, दरवाजे घासतात ते त्यामुळेच का. एकाने मला इतकं बोलून घेतलं की मी ऐकत राहिले, कारण त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

काल एकोणिसाव्या मजल्यावरच्या शिक्षिकेला लावला. निवृत्त, एकटी. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"एकाहत्तर म्हणजे साधारण किती?" तिने विचारलं.

"चार बोटं."

"एवढंच?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. "मी घाबरलेच होते. तू ये ना एकदा चहाला. मी गॅलरीत नवीन कुंड्या आणल्यात, मातीच्या, मोठ्या. बारा आहेत."

मी काहीतरी बोलायला गेले, पण ती कुंड्यांबद्दल सांगत राहिली, कुठली कुठे ठेवली ते. फोन ठेवल्यावर मी मावशीकडे पाहिलं. तिने यादीतल्या त्या नावापुढे काहीच खूण केली नाही.

"उद्या परत लाव तिला," ती म्हणाली.